युरोबीट आणि जपानी पॉप: नव्या श्रोत्यासाठी वाटाड्या

घाटातल्या वळणावर एक मोटार आडवी घसरत जाते आणि मागे सिंथेसायझरच्या धावत्या साथीवर कोणीतरी इंग्रजीत जिवाच्या आकांताने गात असतो, अशी चित्रफीत तुम्ही कधी पाहिली असेल, तर युरोबीट तुमच्या कानावरून गेलेले आहे. माझी सुरुवातही अशाच एका चित्रफितीपासून झाली. मोटार जपानी, रस्ता जपानी, म्हणून गाणेही जपानीच असणार असे मी गृहीत धरले आणि जवळजवळ दोन वर्षे चुकीच्या नावांनी शोध घेत राहिलो. ते गाणे इटलीतल्या स्टुडिओत रचले गेले होते, इटालियन गायकाने ते इंग्रजी शब्दांत गायले होते, आणि ते मुख्यतः जपानी ग्राहकासाठी बनवले होते, हे फार उशिरा कळले. ही तिपेडी रचना आधी ध्यानात आली असती, तर माझे बरेच पैसे आणि पुष्कळ रात्री वाचल्या असत्या. म्हणून हा लेख.

लागणारे साहित्य

फार काही लागत नाही. खर्जाचा आवाज स्पष्ट ऐकू येईल असा हेडफोन हवा, कारण मोबाइलच्या लहान स्पीकरवर या संगीताचा अर्धा भाग हरवतो. गाण्याच्या ठेक्याचा वेग मोजणारे एखादे मोफत ॲप असावे. नोंदींसाठी वही किंवा तक्ता हवा, आणि त्यात मूळ गाणे, मूळ गायक, जपानी गायक, वर्ष व संगीतकार असे पाच रकाने आधीच आखून ठेवावेत. जपानी भाषा येण्याची गरज नाही, मात्र काताकाना ही लिपी वाचता आली तर शोध कितीतरी सोपा होतो. परकीय नावे जपानीत याच लिपीत लिहितात, आणि रोमन लिपीत शोधल्यावर न सापडणारे अल्बम काताकानात शोधल्यावर सापडतात. रोज अर्धा तास दिला, तर महिन्याभरात ती लिपी हाताखालून जाते.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

‘युरोबीट’, ‘युरोडान्स’ आणि ‘युरोपॉप’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाण्यांच्या याद्या करणारे लोक त्या सर्रास एकत्र करतात. युरोडान्स म्हणजे नव्वदच्या दशकात युरोपभर गाजलेला, पुरुषाचे रॅप आणि स्त्रीचे ध्रुवपद असा साचा असलेला प्रकार. युरोपॉप हा तर सैल अर्थाचा शब्द आहे. युरोबीट हा शब्द ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये हाय-एनर्जी, म्हणजे डिस्कोतूनच निघालेल्या वेगवान सिंथेसायझर-संगीतासाठी वापरला जाई. पुढे युरोपात त्या संगीताची हवा ओसरली, पण जपानमध्ये तो शब्द टिकला आणि इटलीहून जपानसाठी बनणाऱ्या वेगवान नृत्यसंगीताला चिकटला. या लेखात युरोबीट हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. जपानी गायकांनी जपानी भाषेत गायलेल्या युरोबीटला तिकडे ‘जे-युरो’ म्हणतात, हा शब्दही वहीत लिहून ठेवावा.

येथे एक सापळा आहे. टोकियोच्या शिबाउरा भागात १९९१ ते १९९४ या काळात ‘जुलियानाज टोकियो’ नावाचा प्रचंड डिस्को होता. उंच चौथऱ्यावर चढून पिसांचे पंखे हलवत नाचणाऱ्या तरुणी, हे त्याचे प्रसिद्ध चित्र. जुन्या आठवणी सांगणाऱ्या कार्यक्रमांत या चित्राखाली युरोबीट वाजवतात, पण तिथली ओळख होती ती कठोर टेक्नोची, म्हणजे वेगळ्याच एका यांत्रिक नृत्यसंगीताची. ही गल्लत डोक्यात बसली, तर पुढचा सगळा कालक्रम बिघडतो.

२. मुळापासून थोडेसेच ऐका

पूर्ण इतिहास पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये, चार थांबे पुरेत. पहिला थांबा १९७७ चा: डॉना समरने गायलेले ‘आय फील लव्ह’. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी त्यात जवळजवळ संपूर्ण साथ सिंथेसायझरवर उभी केली. दुसरा थांबा सॅन फ्रान्सिस्कोतील पॅट्रिक काउली यांच्या रचनांचा, कारण डिस्कोचा वेग वाढवून त्यातली मऊ तंतुवाद्ये काढून टाकली की काय उरते, ते तिथे कळते. तिसरा थांबा इटालो डिस्कोचा. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात इटलीतले छोटे स्टुडिओ इंग्रजी शब्द, गोड चाल आणि यांत्रिक ठेका यांचा जो माल तयार करत होते, त्यातूनच पुढचे युरोबीट संगीतकार घडले. चौथा थांबा लंडनमधील स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या त्रिकुटाचा. ‘डेड ऑर अलाइव्ह’ या गटासाठी त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘यू स्पिन मी राउंड’ १९८५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

प्रत्येक थांब्यावर दोन-तीन गाण्यांहून अधिक ऐकू नका. मी इटालो डिस्कोत चार महिने अडकून पडलो. ते चार महिने सुखाचे होते, पण जपानपर्यंत पोहोचणे तेवढेच लांबले.

३. कानाला चार खुणा शिकवा

पहिली खूण वेगाची. ऐंशीच्या दशकातील हाय-एनर्जी गाणी साधारणपणे मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची असत, तर नव्वदच्या दशकातील युरोबीट १५० ते १६० च्या घरात पोहोचले. ॲपने ७७ असा आकडा दाखवला तर गोंधळून जाऊ नका. वेग मोजणारी साधने अनेकदा निम्मा आकडा दाखवतात, तेव्हा तो दुप्पट करून घ्यावा.

दुसरी खूण ठेक्याची आणि खर्जाची. ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो. बेस मात्र एकाच स्वराच्या खालच्या आणि वरच्या सप्तकात उड्या मारत राहतो, किंवा दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजतो. हे संगीत पुढे ढकलल्यासारखे वाटते ते या उड्यांमुळे. हेडफोनचा आग्रह मी धरला तो याच कारणासाठी.

तिसरी खूण रिफची. गाण्याच्या आरंभी आणि नंतर ध्रुवपद संपताच सिंथेसायझरवर एक झणझणीत सुरावट येते, आणि ती गायकाच्या चालीइतकीच, कधी तिच्याहून अधिक, लक्षात राहते. रिफ काढून टाकले तर युरोबीटचे गाणे अर्धेही उरत नाही, असे माझे मत आहे.

चौथी खूण रचनेची आहे, आणि जपानी पॉपशी हे संगीत इतके सहज का जुळले याचे उत्तर मला तीत सापडते. जपानी संगीतकार गाण्याच्या भागांना ‘ए-मेलो’, ‘बी-मेलो’ आणि ‘साबी’ म्हणतात. ए-मेलो म्हणजे आपला अंतरा, साबी म्हणजे ध्रुवपद, आणि बी-मेलो म्हणजे या दोहोंमधला, ताण वाढवत नेणारा जिना. युरोबीटच्या गाण्यातही हा जिना जवळजवळ नेहमी असतो, आणि पुष्कळ गाण्यांत तो चढून ध्रुवपदात शिरताना स्वरपट्टीच बदलते. त्यामुळे इटालियन चालीवर जपानी शब्द बांधताना जपानी गीतकाराला घर पाडून पुन्हा बांधावे लागत नाही, खोल्या आधीपासूनच त्याच्या ओळखीच्या असतात.

४. जोड्या लावून ऐका

सगळ्यांत अधिक वेळ या पायरीला द्यावा. मूळ गाणे आणि त्याचे जपानी रूप पाठोपाठ ऐकायचे, तेही दोनदा: पहिल्यांदा फक्त चालीसाठी, दुसऱ्यांदा फक्त वाद्यमेळासाठी. सिनेमाच्या चालीवर बांधलेली भजने ऐकलेल्या मराठी माणसाला ‘तीच चाल, नवे शब्द’ हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. जपानी शब्द हे इंग्रजी शब्दांचे भाषांतर असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. बहुतेक वेळा विषयच नवा असतो आणि मूळ इंग्रजीतले एखादे वाक्य तेवढे ध्रुवपदात शिल्लक राहते.

माझ्या मते जोड्यांचा क्रम असा असावा. पहिली जोडी अँजी गोल्डचे ‘ईट यू अप’ आणि योको ओगिनोमेचे ‘डान्सिंग हीरो’, दोन्ही १९८५ ची. जपानी रूप इतके मुरले की आइची आणि गिफू या भागांत ते उन्हाळ्यातल्या बोन या पूर्वजांच्या सणाच्या नृत्यातही वाजते, आणि २०१७ मध्ये ओसाकाकडच्या तोमिओका शाळेच्या नृत्यमंडळाने ऐंशीच्या दशकातला पोशाख करून त्यावर केलेल्या नाचामुळे ते नव्या पिढीत पुन्हा गाजले. दुसरी जोडी फिन्झी कोन्तिनी या इटालियन गटाचे ‘चा-चा-चा’ आणि त्याच नावाचे आकेमी इशीचे १९८६ चे गाणे. जपानच्या ओरिकॉन यादीत ते त्या वर्षीचे सर्वाधिक खपलेले एकल गाणे ठरले. तिसरी जोडी कायली मिनोगचे ‘टर्न इट इन्टू लव्ह’ आणि ‘विंक’ या दोघींच्या गटाचे १९८८ चे ‘आइ गा तोमारानाइ’. मूळ गाण्यात हसतमुख उत्साह आहे. विंकच्या दोघी मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता, बाहुल्यांसारख्या उभ्या राहून तीच चाल गातात, आणि माझ्या कानाला ती त्यामुळे अधिक उदास आणि अधिक चांगली वाटते.

यानंतर नव्वदच्या दशकात उडी घ्या. जानेवारी १९९५ मध्ये नामिए आमुरो आणि ‘सुपर मंकीज’ यांनी लोलिता या नावाने निघालेल्या ‘ट्राय मी’चे जपानी रूप गायले. आमुरो मूळची ओकिनावाची. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती तेत्सुया कोमुरो या संगीतकाराच्या रचना गाऊ लागली आणि युरोबीटपासून दूर गेली, तर मागे नाचणाऱ्या चौघींचा ‘मॅक्स’ हा गट झाला आणि त्यांनी १९९६ मध्ये डॉमिनोच्या ‘तोरा तोरा तोरा’चे जपानी रूप काढून ती वाट पुढे चालू ठेवली. शेवटची जोडी अगदी अलीकडची आहे: जो येलोचे १९९२ चे ‘यू.एस.ए.’ आणि ‘दा पंप’ या गटाचे २०१८ चे त्याच नावाचे गाणे. पंचवीसहून अधिक वर्षे जुनी इटालियन चाल जपानमधल्या लहान मुलांच्या तोंडी बसली.

५. मिश्रणाचे तीन प्रकार वेगळे ओळखा

वर पाहिलेला तो पहिला प्रकार, म्हणजे परक्या चालीवर जपानी शब्द. दुसऱ्या प्रकारात गाणे सुरुवातीपासून जपानी गायकासाठीच युरोबीटच्या ढंगात रचलेले असते. ‘व्ही-सिक्स’ या मुलांच्या गटाचे नोव्हेंबर १९९५ चे पदार्पणाचे गाणे ‘म्युझिक फॉर द पीपल’ हे त्याचे ठळक उदाहरण. व्हॉलिबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने ते देशभर पोहोचले.

तिसरा प्रकार नवख्याला सर्वाधिक चकवतो. आधी गाजलेले जपानी गाणे घ्यायचे, गायिकेचा आवाज तेवढा ठेवायचा, आणि खालची सगळी साथ युरोबीटमध्ये नव्याने बांधायची. आयुमी हामासाकी या गायिकेच्या गाण्यांवर असा ‘आयु-रो मिक्स’ हा अल्बम २००० मध्ये निघाला, आणि त्याच सुमारास तिच्या एवेक्स या कंपनीच्या इतर गायकांच्या गाण्यांवरही असे अल्बम निघाले. संथ विरहगीत १५५ च्या वेगावर धावताना पहिल्यांदा ऐकले की हसू येते, तिसऱ्यांदा ऐकल्यावर मूळ गाणे फारच हळू वाटू लागते. मूळ न ऐकता हे अल्बम ऐकू नयेत, कारण मग नेमकी करामत कोणती हेच कळत नाही.

६. ‘सुपर युरोबीट’ मालिकेत बुडून जाऊ नका

एवेक्स ही कंपनी १९८८ मध्ये परदेशी तबकड्या आयात करून विकण्यासाठी सुरू झाली. ‘सुपर युरोबीट’ ही संकलनांची मालिका १९९० मध्ये सुरू झाली, पुढे ती एवेक्सची ओळख बनली, आणि २०१८ मध्ये २५० व्या खंडावर थांबली. अडीचशे खंड पाहिले की नवखा माणूस शिस्तीने पहिल्यापासून सुरुवात करतो. तसे करू नका. सुरुवातीच्या खंडांतील संगीत अजून इटालो डिस्कोच्या जवळचे आणि तुलनेने संथ आहे, त्यामुळे ज्या आवाजासाठी तुम्ही आलात तो पुष्कळ काळ सापडतच नाही. १९९५ ते २००० या काळातील कोणतेही तीन खंड घ्या, आणि मग आवडेल तसे मागे-पुढे सरका. एकच लक्षात ठेवा, काही तबकड्यांवर गाणी सलग जोडलेली आणि कापलेली असतात. पूर्ण लांबीचे गाणे हवे असेल, तर नावापुढे ‘एक्स्टेंडेड’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे.

७. गायकाच्या नावावर विश्वास ठेवू नका

या क्षेत्रात एकेका गायकाला अनेक नावे आहेत, आणि कधीकधी एकाच नावामागे वेगवेगळ्या काळात वेगवेगळे गळे आहेत. ‘नाइट ऑफ फायर’चा निको आणि ‘रनिंग इन द नाइन्टीज’चा मॅक्स कोवेरी हे दोन गायक मी वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहिले होते. दोन्ही गाण्यांतला आवाज मॉरिझिओ दे जोरिओ यांचा आहे. एलेना फेरेत्ती यांनीही सोफी, रोझ अशा वेगवेगळ्या नावांनी गायले आहे. डेव्ह रॉजर्स हे नावही टोपणनावच आहे, खरे नाव जिआनकार्लो पास्क्विनी. एका छोट्या स्टुडिओतून महिन्याला अनेक गाणी निघत, आणि संकलनात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसू नये यासाठी ही सोय होती.

म्हणून गायकाऐवजी संगीतकार आणि लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, यांचा माग काढा. डेव्ह रॉजर्स यांचे ‘ए-बीट-सी’ आणि ब्रेशिया शहरातील ‘टाइम’ या दोन लेबलांची पाच-पाच गाणी लक्षपूर्वक ऐकली, तरी दोघांची बनावट वेगळी आहे हे कानाला कळू लागते. ए-बीट-सीमध्ये रॉक गिटारची धार अधिक आहे. शब्दांच्या अर्थात मात्र फार खोल शिरू नका. इंग्रजी ही ना लिहिणाऱ्याची भाषा, ना ऐकणाऱ्याची. तेथे शब्द निवडला जातो तो नादासाठी.

८. ‘इनिशियल डी’ योग्य जागी ठेवा

शुइची शिगेनो यांची ही चित्रकथा १९९५ मध्ये सुरू झाली आणि तिची ॲनिमेशन मालिका १९९८ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. गुनमा प्रांतातील हारुना पर्वताला कथेत ‘आकिना’ असे नाव दिले आहे. मालिकेतील शर्यतींच्या प्रसंगी इटालियन युरोबीट वाजते, तर शीर्षकगीते ‘मूव्ह’ या जपानी गटाची आहेत, ज्यांत रॅप, स्त्रीस्वर आणि नृत्यसंगीत एकत्र येते. हे दोन आवाज एकाच भागात पाठोपाठ ऐकायला मिळत असल्याने, आयात आणि मिश्रण यांतला फरक शिकण्यासाठी ही मालिका उत्तम आहे. मात्र संपूर्ण युरोबीट म्हणजे मोटारींचे संगीत, असा समज करून घेऊ नका. ही गाणी आधी नाचाच्या फरशीसाठी होती, रस्त्यावर ती नंतर आली.

९. जुन्या तबकड्या मागवताना

जपानमधील जुन्या वस्तूंची दुकाने परदेशात थेट माल पाठवतीलच असे नाही, त्यामुळे मध्यस्थ सेवेचे शुल्क, टपालखर्च आणि येथे लागू शकणारे सीमाशुल्क या तिन्हींचा हिशेब तबकडीच्या किमतीत आधीच धरावा. स्वस्त दिसणारी तबकडी अनेकदा भाड्याने देण्याच्या दुकानातून निवृत्त झालेली असते आणि तिच्यावर चिकटपट्ट्या असतात. ऐकण्यासाठी ती चालते, संग्रहासाठी नाही. बाजूची कागदी पट्टी, जिला ‘ओबी’ म्हणतात, ती असेल तर किंमत वाढते. एका विक्रेत्याने मला मूळ गायिकेची म्हणून विकलेली तबकडी प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणी गायलेल्या नकलांची निघाली. तेव्हापासून मी मागच्या बाजूचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी सावध राहा. जपानची डीव्हीडी प्रदेश क्रमांक २ ची असते आणि भारताचा क्रमांक ५ आहे. सर्व प्रदेशांच्या डीव्हीडी चालवणारा प्लेअर नसेल, तर ती शोभेची वस्तू ठरते.

१०. पारापारा करून पाहा

युरोबीट नीट कळावे असे वाटत असेल, तर एक तरी गाणे हातांनी शिकावे. पारापारा या समूहनृत्यात सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात, पाय डावी-उजवीकडे सरकत राहतात आणि खरे काम हातांचे असते. प्रत्येक गाण्याच्या हालचाली ठरलेल्या असतात. आपल्या लेझमीत जसा पुढच्याने हात बदलला की सगळी रांग बदलते, तसेच येथे रिफ बदलले की सगळी फरशी बदलते, फक्त हातात वाद्य नसते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, नव्वदच्या आरंभी आणि २००० च्या सुमारास अशा याच्या तीन लाटा येऊन गेल्या. टोकियोच्या रोप्पोंगी भागातील ‘वेलफारे’ हा १९९४ ते २००७ या काळात चाललेला एवेक्सचा डिस्को त्यांपैकी शेवटच्या लाटेचे मोठे ठिकाण होता. कोनामी कंपनीने २००० मध्ये हातांच्या हालचाली संवेदकांनी ओळखणारा ‘पारापारा पॅराडाइज’ हा आर्केड खेळही काढला.

शिकताना क्रम असा ठेवा. आधी पाच मिनिटे केवळ पायांचा ठेका धरा, आणि तो विचार न करता पडू लागेपर्यंत हात उचलू नका. मग साबीचे हात शिका, मग रिफचे, आणि अंतरा शेवटी. चित्रफीत आरशातल्यासारखी उलटी केलेली आहे की सरळ, हे पहिल्या दहा सेकंदांत तपासा. मी एक संपूर्ण गाणे उजव्याच्या जागी डावा हात वापरून पाठ केले आणि ते विसरायला शिकण्याहून अधिक दिवस लागले. एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या रचना प्रचलित असू शकतात, त्यामुळे दोन शिक्षकांचे हात जुळले नाहीत तर कोणी चुकले असे समजू नका, एक निवडा आणि तीच पुरी करा. वेग फार वाटला, तर चित्रफीत पाऊणपट वेगाने लावावी. पाय जेमतेम वीतभर सरकत असल्यामुळे हा सराव इमारतीच्या चौथ्या मजल्यावरही निर्धास्त करता येतो. हेडफोन कानाला असला, तर घरच्यांना फक्त एक माणूस भिंतीकडे तोंड करून हात हलवताना दिसतो.